हांबाग, सॉस वेगळा

फोन वाजला तेव्हा सुमिए इवाकिरी मागच्या अंगणात चादरी वाळत घालत होती. नवरा घरात होता, त्यानं उचलला. सरकतं दार उघडंच होतं, त्यामुळे शब्द न् शब्द बाहेर येत होता.

"हो, हो, बरी आहे आता. नाही हो, येणं काही जमायचं नाही तिला. खाणं नीट होत नाही, बोलणंही... तुम्ही समजून घ्याल म्हणा. हो, तुम्ही आठवण काढलीत म्हणून सांगतो."

सुमिएनं हातातला चिमटा चादरीला न लावता टोपलीत टाकला आणि ती आत आली.

मित्सुहारू तसा भला माणूस. उभा जन्म लाकूडकटाईच्या गिरणीत गेलेला. करवतीच्या आवाजात कोण कोणाशी बोलणार? घरी आल्यावरही त्याच्या तोंडून शब्द काढायचा म्हणजे दगडातून पाणी काढायचं. बोलायचं काम सुमिएचं. तिचं पोटही त्यावरच होतं. मियाझाकीच्या पर्यटन बसवर ती गाईड होती. डोक्यावर तिरकी टोपी, हातात माइक, पाठ ड्रायव्हरकडे आणि तोंड प्रवाशांकडे. नव्यानं लग्न झालेली जोडपी लाजत लाजत मागच्या बाकांवर बसायची, आणि डोंगर, समुद्र, देऊळ, दंतकथा असं करत सुमिए त्यांना उतरेपर्यंत हसवून सोडायची.

मग जिभेच्या डाव्या कडेला एक चट्टा आला. कॅन्सर निघाला. डॉक्टरांनी जवळजवळ अर्धी जीभ काढली आणि मांडीचं मांस घेऊन त्या जागी बसवलं. जीव वाचला. पण तोंडात पाहुणा येऊन बसावा तसं ते मांस. ना वळायचं, ना घास सरकवायचं. आणि तेव्हापासून मित्सुहारूला वाचा फुटली. बँकेत तो बोले, दवाखान्यात तो बोले, भाजीवालीनं "काय म्हणता, ताई?" म्हटलं तरी "बरी आहे ती" हे उत्तर त्याचंच.

"कोणाचा फोन?" सुमिएनं विचारलं. तोंडातून निघालं "होणाचा होन?" पण घरात एवढं कळायचं.

"काझुयोचा. तुमच्या गाईडबायकांचं दरवर्षीचं जेवण नाही का, लाल छपरात. मी सांगितलं नाही जमणार म्हणून."

"मला विचारलंत?"

"आता यात काय विचारायचं? उगाच तुला त्रास. सगळ्या गपागपा खाणार आणि तू बघत बसणार."

 सुमिएनं फोन ओढला आणि नंबर दाबला. मित्सुहारूचा हात पुढे आला. "थांब, मी लावून देतो, मी बोलतो..." तिनं त्याच्याकडे पाठ फिरवली.

फोन ही सगळ्यांत अवघड गोष्ट. समोर माणूस असला की ओठ दिसतात, हात दिसतात, डोळे दिसतात. फोनवर नुसता आवाज, आणि आवाजच तर गेलेला.

"हॅलो? कोण बोलतंय?" काझुयो विचारत होती. "हॅलो? अहो आजोबा, दिवसाढवळ्या पिऊन लोकांना फोन करता, लाज नाही वाटत?" आणि तिनं ठेवून दिला.

सुमिएला हसूच आलं. तिनं परत नंबर दाबला. या वेळी एकेक अक्षर सुटं केलं, तांदळातले खडे वेचावेत तसं.

"सु. मि. ए. मी. ये. णार."

 पलीकडून काझुयोचा बारीक झालेला आवाज आला. "सुमी? तू बोलतेयस?"

"मग काय माझं भूत?"

हे काझुयोला कळलं नाही. पण बोलण्याची ढब कळली असावी, कारण ती हसली, आणि हसता हसता रडायला लागली.

लाल छप्पर म्हणजे गावाबाहेरच्या मोठ्या रस्त्यावरचं हांबागचं हॉटेल. दिवसभराची बस धुऊन झाली की सगळ्या गाईड तिथे जायच्या. खिम्याचा जाड लांबट गोळा, तापलेल्या लोखंडी तव्यावर चरचरत येणारा, बाजूला भात, मक्याचे दाणे, बटाटा. पोटभर मिळायचं आणि खिशाला परवडायचं. नोकरीत होत्या तेव्हाही तेच, आता पेन्शनीत आल्या तरी तेच. तिथे जायचं तर सूप पिऊन परत यायचं नाही, हे सुमिएनं फोन ठेवतानाच ठरवलं होतं. हांबाग खायचा, सगळा, आणि तोही स्वतः सांगून मागवायचा.

बोलण्या-गिळण्याचा सराव करून घेणाऱ्या कुरोकीबाईंना तिनं हे सांगितलं, तेव्हा त्या पटकन हो म्हणाल्या नाहीत.

"चावायला सोपा आहे," त्या म्हणाल्या. "पण खिमा वाईट बरं का. तोंडात सुटा होतो. तुमची जीभ तो गोळा करू शकत नाही, मग कण भलतीकडे पळतात. सॉसमध्ये चांगला भिजवून घ्यायचा. घास लहान, उजव्या बाजूला. हनुवटी खाली, मग गिळायचं. आणि घास तोंडात असताना बोलायचं नाही. तुमच्यासाठी हे सगळ्यांत अवघड."

सुमिए हसली. बाईंनी बरोबर ओळखलं होतं.

त्याच संध्याकाळी तिनं घरी हांबाग केला. कांदा परतला, खिम्यात कालवला, दोन्ही तळव्यांवर थापटून त्यातली हवा काढली. मित्सुहारू दारात उभा राहून बघत होता, जणू ती गच्चीच्या कठड्यावरून चालायला निघाली होती.

पहिला घास गेला. दुसराही गेला. तिसऱ्याला तिला धीर आला आणि तिनं सॉसकडे दुर्लक्ष केलं. कोरडे कण घशात उतरले ते भलत्या वाटेनं. ठसका लागला तो थांबेना. ती ओट्याला धरून वाकली, डोळ्यांतून पाणी, चेहरा लालबुंद. मित्सुहारू पाठीवर थापा मारत होता आणि तिचं नाव घेत होता. ती सावरली तेव्हा तो स्वतःच पांढराफटक पडलेला.

"पुरे झाले हे चाळे!" त्यानं ताटली उचलली.

सुमिएनं तिची दुसरी कड धरली.

"सोड, सुमिए. तुला नळ्या लावलेल्या होत्या तेव्हा बाहेर बाकावर मी बसलो होतो, तू नव्हतीस. पुन्हा तसं बघायची माझ्यात ताकद नाही. खिमाच खायला हवा का? पेज आहे, टोफू आहे, वाफवलेलं अंडं आहे..."

"पेज पिण्यासाठी जगले का मी?"

त्याला कळलं नाही. "काय?"

तिनं परत म्हटलं, हळू, एकेक शब्द सुटा करून. या वेळी त्याला कळलं, आणि कळलं नसतं तर बरं झालं असतं असा त्याचा चेहरा झाला. त्यानं ताटली सोडली. सुमिए बसली, तिनं उरलेल्या हांबागवर चमचाभर सॉस ओतला आणि चौथा घास घेतला.

त्यानंतर त्यांच्या घरी हांबागच हांबाग झाला. एकदा तिनं पाहिलं, बाजारातून येताना मित्सुहारूनं खिमा आणला होता तो दोनदा बारीक करून घेतलेला.

जेवणाच्या दिवशी आभाळ धुतल्यासारखं निळं होतं. वादळ दोन दिवसांपूर्वी समुद्रावरून निघून गेलेलं. गाडी लाल छपराच्या वाहनतळावर लावून मित्सुहारू म्हणाला, "मी इथेच बसतो."

"उन्हात शिजाल. आत या, जेवा. पण आमच्या टेबलाकडे फिरकायचं नाही."

"आणि तुला ठसका लागला तर?"

"तर मला लागेल."

आत शिरताच तो चरचराट कानांवर आला. रविवार असल्यामुळे पोराबाळांची कुटुंबं, ट्रकवाले, फुटबॉल खेळून आलेली मुलं. कोपऱ्यातल्या लांब टेबलावर जुन्या गाईड बसल्या होत्या. सुमिए दिसताच सगळ्या उठल्या, आणि मग एकदम सगळ्याच मोठ्यानं, हळूहळू बोलायला लागल्या, जणू कान गेले होते ते तिचे.

"सु-मी! ब-स! इ-थे!" काझुयोनं खुर्ची ओढली. "तुला काही करायला नको हं. तुझ्यासाठी मक्याचं सूप सांगून ठेवलंय, मऊ पुडिंग पण सांगितलंय. बरोबर ना?"

काझुयोच्या चेहऱ्यावर इतकी माया होती की रागवायची सोय नव्हती. टेबलाच्या टोकाला तेरुको हामासुना बसली होती. नोकरीत सुमिएची खरी स्पर्धा तिच्याशी. गाणं कोणाचं चांगलं, कोणाच्या बसमध्ये लोक जास्त हसतात, यावरून दोघींमध्ये वर्षानुवर्षं टोमणे चालायचे. आज तीही मान खाली घालून हात पुसायचा ओला रुमाल घडी करत बसली होती. सुमिएला सुपापेक्षा ते जास्त लागलं.

"मी हांबाग खाणार," ती म्हणाली.

सगळ्यांनी एकमेकींकडे पाहिलं. काझुयोनं टेबलावरचा ऑर्डर द्यायचा टचस्क्रीनचा पडदा घाईघाईनं तिच्यापुढे सरकवला. "मग यावर नुसतं बोट ठेव. बोलायला नको काही नको, बघ किती सोय झालीय आता."

सुमिएनं पडदा परत सरकवला आणि टेबलावरची घंटी दाबली.

आली ती चाळिशीची, चष्मा लावलेली, घामाघूम झालेली बाई. छातीवरच्या पट्टीवर 'सोनोदा' असं नाव होतं. "ऑर्डर पडद्यावरून दिलीत तरी चालेल हं," ती म्हणाली.

सुमिएनं मान हलवली. "हांबाग एक. सॉस वेगळा. आणि जास्त."

तोंडातून आलं ते असं: "हांबाऽ एह. हॉह वेअळा. आणि झाह."

"हांबाग एक," सोनोदा म्हणाली. "पुढचं माझ्या लक्षात आलं नाही. परत सांगता?"

सुमिएनं परत सांगितलं.

"गरम पाणी?"

"नाही."

शेजारच्या टेबलावरचं एक पोर खाणं थांबवून बघायला लागलं. त्याच्या आईनं त्याचं डोकं ताटाकडे वळवलं. सोनोदाची नजर आता काझुयोकडे गेली, या बाई काय म्हणताहेत ते सांगा ना, अशी. काझुयोनं तोंड उघडलं. सुमिएनं टेबलाखालून तिचा गुडघा दाबला. पलीकडे खांबाजवळ एकटा बसलेला मित्सुहारू अर्धवट उठला होता, तेही तिनं पाहिलं. तो तसाच अधांतरी राहिला, मग खाली बसला.

घाटात कधी कधी माइक बंद पडायचा. खिडक्या उघड्या, वारा भणभणतोय, मागचे लोक "ऐकू येत नाही!" म्हणून ओरडताहेत. तेव्हा घाई करायची नाही; पोटातून श्वास घ्यायचा, ओठ पूर्ण उघडायचे आणि शेवटच्या बाकावरच्या माणसाच्या डोळ्यांत बघून बोलायचं. सुमिएनं सोनोदाच्या डोळ्यांत पाहिलं.

"सॉ. स."

"सॉस!" सोनोदा एकदम म्हणाली. "सॉसचं काय? थांबा, तुम्हीच सांगा."

"वेगळा."

"वेगळा. वाटीत देऊ?"

"हो. आणि जास्त."

"सॉस वेगळा, आणि जास्त. आलं लक्षात." सोनोदानं कपाळावरचा घाम पुसला. दोघींनी मिळून एखादं जड कपाट जिन्यावरून वर चढवलं असावं, तशी ती हसली. "आणि सॉस कुठला देऊ? किसलेल्या मुळ्याचा आहे, कांद्याचा आहे."

काझुयोनं कपाळाला हात लावला. आता हे आणखी एक! आणि तेवढ्यात टोकाकडून तेरुकोचा आवाज आला, जुना, खवचट.

"मुळा म्हण ना, सुमी. मुळा सोपा आहे. म तर नुसत्या ओठांनी होतो. तुझ्या जिभेला झेपेल."

काझुयोनं "तेरु!" म्हणून तिला दटावलं. पण सुमिएच्या अंगात एकदम ऊब आली, थंडीत कोणी पाठीवर गरम पाणी ओतावं तशी. इतक्या महिन्यांत तिला कोणी टोमणा मारला नव्हता.

"कांदा," ती म्हणाली. तोंडातून "हांदा" आलं.

"कांदा," सोनोदा म्हणाली आणि गेली.

"हट्टी म्हैस," तेरुको पुटपुटली. पण रुमालाची घडी तिनं बाजूला ठेवली होती.

तवे आले. सगळ्यांनी कागदी पंचे गळ्याशी धरले, तेल उडत होतं. सुमिएच्या तव्यावरचा गोळा फुगून बुडबुडत होता, बाजूला वाटीत काठोकाठ सॉस. तिनं जेवायच्या काड्यांच्या टोकानं गोळा मोडला, आतून रस पाझरला. लहानसा तुकडा सॉसमध्ये बुडवला, उजव्या गालात ठेवला, हनुवटी खाली केली. गिळलं. चव आली ती फक्त उजव्या बाजूनं, दाराच्या फटीतून यावी तशी; पण आली. खरपूस, गोडसर, कांद्याची.

बाकीच्या गप्पांना लागल्या. कोणाचा गुडघा, कोणाची सून, बंद पडलेली बसची आगारं. सुमिएला खूप बोलायचं होतं, पण घास तोंडात असताना बोलायचं नाही, म्हणून ती मध्ये मध्ये नुसतं बोट वर करायची आणि सगळ्या थांबायच्या. ती गिळायची, मग बोलायची, मग कोणीतरी "काय, काय?" म्हणायचं, मग ती परत सांगायची. गप्पांची गाडी अशी अडखळत चालली, पण चालली.

अर्धा गोळा संपला असेल. तेरुको सांगत होती, नातवंडांना समुद्रावर नेलं होतं म्हणे, आओशिमाच्या किनाऱ्यावर. त्या एकसारख्या रेघांच्या खडकांना राक्षसाची पायरी का म्हणतात ते तिनं त्यांना समजावून सांगितलं.

"फळी!" सुमिए घासासकट ओरडली. "धुण्याची फळी!"

आणि कण घशात गेला.

ठसका घरच्यापेक्षा मोठा होता. तिनं काड्या टाकल्या, टेबलाची कड धरली आणि वाकली.  कोणाची तरी खुर्ची कोसळली. पाठीवर हात येऊ लागले, तसा तिनं एक तळवा उभा धरला: थांबा. खोकली. परत खोकली. हनुवटी खाली, नाकानं श्वास, घाई नाही. कण सुटला. तिनं कागदी रुमालानं डोळे पुसले, तोंड पुसलं, आणि मान वर केली तर मित्सुहारू शेजारी उभा. हातात पाण्याचा पेला, तोही अर्धा सांडलेला.

"बसा जाऊन," ती म्हणाली.

"सुमिए..."

"जा. बसा."

तो वळला आणि गेला. पेला मात्र तिथेच ठेवून गेला.

"नवरा आहे की रुग्णवाहिका?" तेरुको म्हणाली. कोणीतरी फिसकन हसलं, मग सगळ्याच हसल्या. काझुयो हसत होती आणि डोळेही पुसत होती.

"आता राहू दे गं," ती म्हणाली. "एवढं खाल्लंस, खूप झालं. आम्हाला कळलं."

सुमिएनं काड्या उचलल्या.  मग तुकडा मोडला, सॉसमध्ये बुडवला आणि तोंडात घातला.  तिनं गिळलं, पाणी प्यायली आणि तेरुकोकडे बघून एकेक शब्द सुटा केला.

"राक्षसाची. धुण्याची. फळी. पायरी नाही. तीस वर्षं चुकीचं सांगत होतीस?"

"मला फळीच म्हणायचं होतं!"

"पायरी म्हणालीस."

"बाई बाई बाई! हिची जीभ अर्धी कापली तरी ही अशी," तेरुको सगळ्यांकडे बघून म्हणाली. "अख्खी असती तर आज आपल्याला जेवू दिलं असतं का?"

आता सुमिए इतकी हसली की परत ठसका लागेल म्हणून तिलाच तोंडावर हात धरावा लागला.

बाकीच्यांची ताटं गेली, कॉफी आली. दारापाशी रांग लागली होती. सोनोदा सुमिएचा तवा उचलायला आली, पण हात लावण्याआधी तिनं विचारलं, "चाललंय अजून?"

"चाललंय," सुमिए म्हणाली.

"चालू द्या," म्हणत ती न विचारताच सॉसची रिकामी वाटी भरून घेऊन आली. तवा केव्हाच निवला होता. मक्याचे दाणे घशात अडकतात म्हणून सुमिएनं ते बाजूला सारले होते. तेरुकोनं ते आपल्या काड्यांनी एकेक उचलून खाल्ले, जुन्या दिवसांत सुमिए तिच्या ताटातले बटाटे पळवायची तसे. भात अर्धा राहिला. हांबाग संपला. शेवटचा तुकडा तिनं जरा वेळ तोंडात धरला आणि मग गिळला. टाळ्या वगैरे कोणी वाजवल्या नाहीत. काझुयो पुढच्या वर्षीची तारीख काढत होती आणि तिनं सुमिएला विचारलं, "तुला चालेल ना?" नेहमीच्या आवाजात, नेहमीच्या वेगानं.

"बघून सांगते," सुमिए म्हणाली. "मीच फोन करीन. आजोबा समजून ठेवू नकोस."

"हे काय आजोबांचं?" तेरुकोनं कान टवकारले. काझुयोला ते सगळं सांगावं लागलं, आणि दारापर्यंत जाईतो तेरुको सुमिएला "चला आजोबा, सांभाळून आजोबा" करत होती.

मैत्रिणी गाड्यांकडे गेल्या आणि सुमिए परत आत वळली. मित्सुहारू खांबाजवळ तसाच बसला होता. समोरच्या तव्यावर अख्खा हांबाग. काडी लागलेली नाही, कडेला तेल गोठून पांढरं झालेलं. मान वर करून त्यानं तिच्याकडे पाहिलं. काहीतरी विचारायचं होतं, पण पहिला शब्द सापडेना, गिरणीतून घरी आल्यावर व्हायचं तसं.

सुमिए त्याच्यासमोरची खुर्ची ओढून बसली.

"खा," ती म्हणाली. "मी थांबते."

त्यानं काड्या उचलल्या.